पायाकडं सगळे बघतात, बीपी कोण बघतं?

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी कराडला एमपीटी (फिजिओथेरपीची मास्टर्स) केलं, आता एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. आरोग्य संवर्धन (हेल्थ प्रमोशन) आणि अपंग पुनर्वसन (रिहॅब) यात पुढं रिसर्च करायचाय, पीएचडी पण करायचीय. घरचे म्हणतात क्लिनिक टाक, चार पैसे मिळतील. आमचे सर म्हणतात हेल्थ प्रमोशन हा निरोगी लोकांचा विषय आणि रिहॅब आजारी लोकांचा, दोन्ही एकत्र कशाला करतेस. यात खरंच आयुष्यभराचं काम आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू?"

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असशील म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस. मला फिजिओथेरपी शिकवायला लागून 28 वर्षं झाली, त्यातली बरीचशी सांगली-मिरजेत गेली. आणि तुझे सर जे म्हणतात ना, निरोगी लोकांचा विषय वेगळा नि आजाऱ्यांचा वेगळा, त्याच एका वाक्याशी भांडण्यात माझी निम्मी नोकरी गेलीय, त्यामुळं उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

शिकवायला लागून तीनचार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या एका गावात कॅलिपर, म्हणजे अधू पायाला आधार द्यायची पट्ट्यांची चौकट, बदलून द्यायचं शिबिर होतं. चाळिशीचा एक माणूस आला, लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय बारीक, गावात शिलाईचं काम करायचा, मशीन पण हातानं फिरवायची. बोलका एकदम. म्हणाला मॅडम हे माझं सातवं कॅलिपर, मापं मीच सांगतो तुम्ही नुसती लिहून घ्या. मांडीचा घेर, गुडघा, घोटा, बुटाची उंची सगळं लिहिलं, दोन महिन्यांनी कॅलिपर आलं, वाटप झालं, फोटो निघाले. त्याच्यानंतर सहाएक महिन्यांत त्याच्या बायकोचा निरोप आला, मालकांच्या अंगावरून वारं गेलं. बघायला गेले तर डावी बाजू गेलेली. म्हणजे उजवा पाय पोलिओनं लहानपणीच नेलेला आणि ज्या डाव्या पायावर हा माणूस चाळीस वर्षं उभा होता तो आता लकव्यानं नेला. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी 200 च्या वर निघालं होतं आणि त्याला बीपी आहे हे त्याआधी कधी कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन त्याची फाईल काढली. माझ्याच अक्षरात पायाची अकरा मापं होती. बीपी नव्हतं, वजन नव्हतं, आणि जास्त वाईट म्हणजे त्या फॉर्मवर बीपीचा रकानाच नव्हता. शिबिरात त्याला किमान पाच माणसांनी हात लावला असेल, सगळ्यांनी पायालाच.

माझा विषय तिथं ठरला. तुला विषय सुचवायला कुणी सर लागणार नाहीत, असा एखादा पेशंट पुरतो.

आता जरा पुस्तकी बोलते, कारण सिनॉप्सिसच्या, म्हणजे पीएचडीचा आराखडा मांडायच्या दिवशी हेच लागतं. 21 नोव्हेंबर 1986 ला कॅनडात ओटावाला जागतिक आरोग्य संघटनेची परिषद झाली, तिथला जाहीरनामा म्हणजे हेल्थ प्रमोशनचा सातबारा समज. त्यातली व्याख्या साधी आहे: माणसाचा आपल्या तब्येतीवरचा ताबा वाढावा आणि ती त्याला सुधारता यावी यासाठी त्याला सक्षम करायचं. यात निरोगी माणूस असं कुठं लिहिलंय? पण प्रत्यक्षात काय झालं, हेल्थ प्रमोशनवाल्यांनी अपंगत्व म्हणजे टाळायची गोष्ट असं धरलं (पोलिओचे डोस घ्या, हेल्मेट घाला) आणि ज्याला अपंगत्व आलंच तो त्यांच्या हिशोबातून गेला, तो रिहॅबवाल्यांकडं. रिहॅबवाले त्याचा पाय बघणार. मग त्याची शुगर कुणी बघायची?

अमेरिकेत जेम्स रिमर म्हणून प्राध्यापक आहेत, शिकागोला इलिनॉय विद्यापीठात होते, पुढं अलाबामात गेले. बाईऽ, एका माणसानं किती वर्षं एकच धागा धरून ठेवावा ते त्यांच्याकडं बघून शिकावं. व्यायाम, वजन, जिमचं दार, सगळं अपंग माणसाच्या बाजूनं. 1999 ला त्यांनी फिजिकल थेरपी या जर्नलात लिहिलं की अपंगत्व टाळण्याच्या पुढं जाऊन अपंगत्वाच्या मागून जे येतं ते टाळायला शिका. मागून काय येतं तर बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा), वजन, खांद्याचं दुखणं, बीपी, एकटं पडणं. इंग्रजीत याला सेकंडरी कंडिशन्स म्हणतात. त्याच वर्षी तिकडं यासाठी राष्ट्रीय केंद्रसुद्धा सुरू झालं. आमच्या तासगावच्या शिलाईवाल्याचं बीपी त्याच यादीतलं. फरक एवढाच की मला ते वाचून कळलं नाही, चुकून कळलं.

कायद्याचं पण बघून ठेव, हे सरांना दाखवायला बरं पडतं. अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आरोग्याचं कलम 25 आणि पुनर्वसनाचं 26, मुद्दाम दोन वेगळी ठेवलीत, म्हणजे रिहॅब दिलं की आरोग्य दिलं असं होत नाही. भारतानं तो 2007 मध्ये मान्य केला. मग आपला अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आला, 7 प्रकारचं अपंगत्व होतं ते 21 झालं. त्यात पण कलम 25 आरोग्यसेवेचं, 27 पुनर्वसनाचं, आणि 28 चक्क संशोधनाचं आहे. सरकारनं या विषयात संशोधन करवून घ्यावं असं कायद्यात लिहिलेलं असताना हा विषय आहे का नाही असा प्रश्न पडायलाच नको.

आणि खरं सांगू का, आपल्या भागाला हे नवीन नाही. मिरजेत कुष्ठरोग्यांचं काम फार जुनं. तिकडं वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, संवेदना गेल्यामुळं माणसाला चटका, ठेच, काटा कळत नाही आणि जखमा वाढून वाढून बोटं जातात. त्यातून काय निघालं तर रोज संध्याकाळी पाय बघायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, मऊ एमसीआर रबराची चप्पल घालायची. औषध नाही, ऑपरेशन नाही. ओटावाच्या कितीतरी आधीचं हे हेल्थ प्रमोशन आहे आणि तेसुद्धा ज्याला अपंगत्व आलंय त्याचं. आज तेच आपण शुगरच्या पेशंटला सांगतो.

बरं, आता बीपी मोजणं म्हणजे काय मोठं असं तुला वाटत असेल. मलापण वाटलं होतं. मशीन घेतलं नि निघाले. पहिलीच अडचण कुबडीवाल्यांची. आयुष्यभर कुबड्यांवर चाललेल्या माणसाचा दंड पैलवानासारखा असतो, त्याला नेहमीचा पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं, मोठा पट्टा लागतो. शिवाय तो कुबड्यांवर ओपीडीपर्यंत चालत आलाय, त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो, त्याला बसवून पाच मिनिटं गप्पा मारल्याशिवाय मोजायचंच नाही. मग मणक्याला मार लागलेले. छातीच्या वरच्या भागात, डॉक्टरी भाषेत टी-6 किंवा त्याच्या वर इजा असेल तर त्या माणसाचं रोजचं बीपीच 90-100 असतं, त्याला 140 आलं तर आपण म्हणू थोडंसं वाढलंय, गोळी बघू, आणि त्याच्यासाठी ती इमर्जन्सी असते. डोकं ठणकतं, घाम फुटतो, आणि कारण काय तर लघवीची नळी तुंबलेली नाहीतर मुडपलेली. आधी बसतं करायचं, नळी मोकळी करायची. हे आजही नव्या स्टाफला विचार, दहातल्या किती जणांना सांगता येतं बघ. मला स्वतःला नोकरीच्या पहिल्या वर्षात सांगता आलं नसतं.

वजनाची तर कथाच आहे. जो उभाच राहू शकत नाही त्याचं वजन करायचं कसं? दवाखान्यातला काटा उभ्या माणसाचा. व्हीलचेअरसकट चढवता येईल असा काटा त्या काळात आमच्याकडं कुठं नव्हता, आजही फार ठिकाणी नाही. माझा एक विद्यार्थी सांगलीच्या पेठेतला, त्याच्या मामांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. तो म्हणाला मॅडम, पोती मोजायचा काटा जमिनीलगत आहे, चालेल का? रविवारी यार्ड बंद असतं तेव्हा आम्ही चौदा जणांना टेम्पोनं तिथं नेलं. आधी माणूस खुर्चीसकट, मग नुसती खुर्ची, वजाबाकी केली की वजन. सगळ्यांच्या अंगाला हळदीचा वास, खुर्च्यांची चाकं पिवळी. एक बाई होत्या पन्नाशीच्या, त्या म्हणाल्या माझं शेवटचं वजन सातवीत शाळेत झालं होतं. हसत म्हणाल्या, पण मला नाही हसता आलं. त्यांना शुगरच्या गोळ्या चालू होत्या, डोस कशावर ठरवला होता देव जाणे. उंचीचं पण तसंच, पाय आखडलेल्या माणसाची उंची कशी घेणार, मग दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंतचं अंतर घ्यायचं नाहीतर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावरून अंदाज काढायचा. म्हणजे ज्या बीएमआयवर (उंचीच्या मानानं वजन) सगळं जग लेख पाडतं तो बीएमआय काढायलाच आम्हाला एक रविवार आणि एक टेम्पो लागला.

हे सगळं सांगतेय कारण तुला कुणी म्हणेल हा रिसर्च सोपा आहे, लॅब लागत नाही. लॅब लागत नाही, पण काटा लागतो आणि तो शोधायला माणसं लागतात.

माझी पहिली मोठी फजिती पण सांगून टाकते. लकवा झालेल्यांना घरी करायचे व्यायाम शिकवायचे, बारा आठवड्यांनी परत तपासायचं असा अभ्यास होता. सप्टेंबरमध्ये सुरू केला, कागदावर सगळं छान, सँपल साईझचं गणित बरोबर. बारा आठवडे कधी संपतात? डिसेंबरात. जत, आटपाडीकडचे माझे निम्मे लोक तेव्हा कुठं? ऊसतोडीला. पेशंट घरी म्हातारीच्या हवाली, ज्या मुलाला नि सुनेला व्यायाम शिकवले ते कारखान्यावर, ती म्हातारी स्वतःच गुडघ्यानं बेजार ती काय व्यायाम घेणार. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो हे मला, सांगलीत वाढलेल्या बाईला, माहीत नव्हतं का? होतं की. पण प्रोटोकॉल लिहिताना मी इंग्रजी पेपर समोर ठेवून लिहिला आणि त्या पेपरातल्या माणसांना ऊस तोडायचा नव्हता. एका वरिष्ठांनी सल्ला दिला, जे गळाले त्यांना मोजूच नको, राहिलेत त्यांच्यावर रिझल्ट काढ, चांगला येईल. येणारच, कारण राहिले ते सगळे बागायतदार, घरात माणूसबळ असलेले. ते केलं नाही हे त्यातल्या त्यात बरं केलं. गळाले त्यांच्यासकट हिशोब मांडला, फरक काही दिसला नाही, थेसिसमध्ये तसंच लिहिलं. तेव्हापासून कुठल्याही अभ्यासाची वेळ ठरवताना आधी कालनिर्णय काढते. सांगलीला ऊस आणि द्राक्षाची छाटणी, साताऱ्याकडं आषाढात लोणंद-फलटणला पालखी, पाटण-जावळीत पावसात चार महिने रस्त्याचं काही खरं नाही, मेमध्ये लग्नं. तू कराडची, तुला हे सांगायची गरज नाही पण तू पण विसरशील, लिहिताना सगळेच विसरतात.

आणि फरक दिसला नाही म्हणून लाजायचं नाही. या विषयातला भारतातला बहुतेक सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास तसाच आहे. अटेंड नावाची ट्रायल, लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि त्यांचे सहकारी, देशातली 14 हॉस्पिटलं, 1250 लकव्याचे पेशंट. घरच्या एका माणसाला व्यायाम नि काळजी शिकवायची आणि सहा महिन्यांनी बघायचं. आपल्या देशात थेरपिस्ट कमी, घरची माणसं भरपूर, तेव्हा हे चालणारच असं सगळ्यांना वाटत होतं, मलापण. 2017 ला लॅन्सेटमध्ये आलं: दोन्ही गटांत सहा महिन्यांनी 47 टक्के लोक एकतर दगावलेले नाहीतर दुसऱ्यावर अवलंबून. काही फरक नाही. मी तो पेपर वाचून दोन दिवस गप्प होते. पण त्यानं मला शिकवलं ते दहा यशस्वी पेपरांनी शिकवलं नसतं. माझं मत विचारशील तर घरच्या माणसाच्या गळ्यात काम अडकवणं आणि त्याला बळ देणं यात फरक आहे. सून सकाळी पाचला उठून भाकरी, जनावरं, शेत करून रात्री सासऱ्यांचा हात वीस वेळा वर-खाली करणार अशी अपेक्षा आपण चार्ट छापून करतो आणि चार्ट भिंतीवर पिवळा पडतो. ओटावात परिसर बदला, धोरण बदला, आरोग्यसेवेचं तोंड उपचाराकडून तब्येत राखण्याकडं फिरवा असं सगळं आहे, आपण त्यातलं फक्त लोकांना शिकवा एवढंच उचललं, कारण ते स्वस्त पडतं. पत्रक वाटणं म्हणजे हेल्थ प्रमोशन, हा गैरसमज आधी डोक्यातून काढ.

मोजपट्ट्यांबद्दल थोडं, कारण तुझा निम्मा थेसिस यातच जाणार. बार्थेल इंडेक्स तू शिकलीस, रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात ते मोजणारा, 1965 चा, दहा गोष्टी, शंभर मार्क. माझ्याकडं वाळवा तालुक्यातल्या एक आजी होत्या, लकव्यातून उठल्या, बार्थेल 95. पेपरात लिहायला झकास. आजींना विचारलं कशा आहात तर डोळ्याला पदर. का? तर खाली बसता येत नाही. चुलीपुढं बसता येत नाही, देवापुढं बसता येत नाही, हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर आणि ह्या एकट्या खुर्चीवर, म्हणून जाणंच सोडलं. बार्थेलमध्ये खुर्चीतून कॉटवर जाता येतं का हे आहे, जमिनीवरून उठता येतं का हे नाहीच, कारण ते बनवणाऱ्यांच्या घरात कुणी जमिनीवर बसत नव्हतं. हीच गोष्ट डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टरजी रामचंद्र शर्मा यांना 1968 मध्ये जयपूरला पायाच्या बाबतीत कळली, बाहेरचा कृत्रिम पाय घालून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी चालता येत नव्हतं, म्हणून जयपूर फूट आला. पायाचं त्यांनी केलं, मोजपट्टीचं आपण करायचं राहिलंय. इथं एक आख्खी पीएचडी पडलीय बघ, उचल.

भाषांतराची पण गंमत. जागतिक आरोग्य संघटनेची व्होडास म्हणून अपंगत्व मोजायची प्रश्नावली आहे, 36 प्रश्नांची मोठी आणि 12 ची छोटी, मागच्या 30 दिवसांत अमुक करताना किती डिफिकल्टी आली असं विचारायचं. आम्ही डिफिकल्टीला छान मराठी शब्द घातला, अडचण. पहिल्याच गावात एका बाईला माझ्या विद्यार्थ्यानं, मुलाऽनं, विचारलं की मागच्या महिन्यात तुम्हाला किती अडचण आली. ती बाई उठून आतच गेली. आपल्याकडं बायकांची अडचण म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक, तो पुण्याचा. मग त्रास घातला, तर लोक दुखण्याचं सांगायला लागले. शेवटी "किती जड गेलं" यावर आलो, ते सगळ्यांना कळलं. त्यातच एक किलोमीटर चालायचा प्रश्न आहे, आमच्या म्हाताऱ्यांना किलोमीटर सांगून उपयोग नाही, पण म्हणून मनानं बदलून पण चालत नाही, आधी मराठीत, मग दुसऱ्याकडून परत इंग्रजीत, मग लोकांसमोर बसून तुम्हाला यातून काय कळलं हे विचारायचं, ही सगळी वाट चालावी लागते. कंटाळवाणं आहे. माझी दोन वर्षं गेली. पण अडचणीसारखी गोष्ट त्याशिवाय सापडत नाही.

आत्ता हातात घेण्यासारखं काम विचारशील तर पोलिओची पिढी. भारतातला शेवटचा पोलिओ जानेवारी 2011 चा, 2014 ला आपण पोलिओमुक्त जाहीर झालो, आणि त्या दिवसापासून पोलिओ झालेली माणसं सगळे विसरले. ती माणसं आज चाळीस ते साठीतली आहेत. कित्येक वर्षांनी परत स्नायू कमजोर होतात, थकवा येतो, आणि चाळीस वर्षं कुबड्या नि हाताची तीनचाकी चालवून खांदे झिजलेत. खांदा गेला की यांचा पायच गेला. यांना आपण वजन उचला, जोर काढा सांगतो ते उलटं होतं. ढकलायचं काम आयुष्यभर झालंय, ओढायचा व्यायाम पाहिजे, तोही दमछाक न करता. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून आम्ही देतो, फुकटात होतं. 2020 च्या डब्ल्यूएचओच्या व्यायामाच्या शिफारशींमध्ये पहिल्यांदा अपंगांसाठी वेगळं लिहिलं गेलं, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, बाकी सगळ्यांसारखाच. पण खटाव-माणच्या वस्तीवर तीनचाकीवाल्यानं 150 मिनिटं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोण सांगणार? तू.

रिसर्चमधून गावाला काय मिळतं हे मला 2019 ला कळलं. ऑगस्टच्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी 45. भिलवडीकडच्या आमच्या मणक्याच्या पेशंटना बोटीतून काढलं, जीव वाचले, पण गाद्या घरी, नळ्या घरी, शाळेच्या फरशीवर झोपवलेलं, दर दोन तासांनी कूस बदलायला कोण? आठवड्यात जुने बेडसोर उघडले. काढणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना कोण काय लागतं हे माहीतच नव्हतं. आमच्याकडं मात्र रिसर्चच्या फाईलीत प्रत्येकाचं नाव, घर, काय लागतं सगळं होतं, कपाटात. लाज वाटली. नंतर संमती घेऊन नदीकाठच्या काही गावांत यादी ग्रामपंचायतीला दिली, कोण उठू शकत नाही, कुणाला गादी, कुणाला नळी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून एकदोन ठिकाणी गाद्या घेतल्या, बाकी ठिकाणी दिवाळीला साहित्य वाटप झालं म्हणे. यावर पेपर झाला नाही. पण माझ्या सगळ्या पेपरांत मिळून जेवढं झालं नसेल तेवढं त्या यादीनं केलं असं मला वाटतं.

पीएचडीचं पटकन सांगते. यूजीसीच्या 2022 च्या नियमात कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना आणि 40 टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. तुझं विद्यापीठ वेगळं काही लावतं का ते तिथंच विचार. थेसिसआधी पेपर छापलाच पाहिजे अशी सक्ती त्या नियमात आता नाही, म्हणून पैसे भरून कुठंतरी छापायची घाई करू नकोस, ती सवय लागली की सुटत नाही. ट्रायल करणार असशील तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या ट्रायल-नोंदवहीत, नोंदणी, एथिक्स कमिटीचं पत्र हातात आल्याशिवाय एक माणूसही तपासायचा नाही. कन्सेंट फॉर्म मराठीत, आणि ज्याला वाचता येत नाही, ऐकू येत नाही, त्याच्यासाठी काय करणार हे तुला कमिटीनं विचारायच्या आधी तूच लिही. पैशासाठी आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आहे, डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान खात्याची) अपंग-वृद्धांसाठीच्या तंत्रज्ञानाची टाईड योजना आहे, पहिल्या वेळी मिळणार नाही, मला तिसऱ्या वेळी मिळाले. गाईड निवडताना त्यांचे पेपर किती हे बघण्यापेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी अजून त्यांच्याशी बोलतात का ते बघ.

आणि एक गोष्ट मी फार उशिरा केली ती तू पहिल्या दिवशी कर. टीममध्ये अपंग माणूस घे, पेशंट म्हणून नाही, पगारावर. आमच्याकडं एक मुलगी आली, स्वतः व्हीलचेअरवर, मुलाखती घ्यायला. जी बाई मला सहा महिने "बरं आहे मॅडम" म्हणत होती तिनं या मुलीला अर्ध्या तासात सांगितलं की ती दुपारपासून पाणी पीत नाही, कारण संध्याकाळी घरचे येईपर्यंत संडासला न्यायला कुणी नसतं. परत परत लघवीचं इन्फेक्शन का होतंय म्हणून आम्ही तपासण्या करत बसलो होतो, आणि कारण हे.

घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. क्लिनिकला पैसा आहे, इथं पगार आहे आणि तोही कधीकधी वेळेवर नाही. मी शनिवार-रविवार खासगी पेशंट बघितले, मुलाचं शिक्षण त्यावर झालं, त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त त्या पेशंटचं पण बीपी बघत जा.

सुरुवात कुठून तर अशी कर. उद्या तुझ्या ओपीडीतल्या मागच्या वर्षाच्या पन्नास फाईली काढ, कॅलिपर, व्हीलचेअर, कुबडी, लकवा कुठल्याही. प्रत्येकीत फक्त तीन रकाने बघ, बीपी, वजन, आणि पेशंटला स्वतःला काय पाहिजे हे कुणी विचारून लिहिलंय का. वहीत नोंद कर आणि वही घेऊन एखाद्या रविवारी सांगलीला ये. काटा लागला तर ते अडत दुकान अजून आहे, माझा तो विद्यार्थीच आता बघतो, फक्त हळदीचा सीझन सोडून ये, तेव्हा तो फोन पण उचलत नाही.